हाताला कळतं ते कागदावर कसं उतरतं? रिचर्ड सेनेटचं ‘द क्राफ्ट्समन’ आणि माझी एक फसलेली शिवण

पीएचडीला नुकतेच लागलेले ज्युनियर्स मला एक प्रश्न हमखास विचारतात. “ताई, मेथडॉलॉजीचं प्रकरण लिहायला घेतलंय, पण चार ओळींच्या पुढे जातच नाही. मुलाखती घेतल्या, नोंदी केल्या, कोडिंग केलं. अजून काय लिहायचं?”

मी स्वतः यावर अडकले होते. माझ्या पहिल्या मसुद्याच्या समासात गाईड मॅडमनी पेन्सिलीने एकच ओळ लिहिली होती: ‘हे वाचून दुसऱ्या कुणाला हे करता येईल का?’ मला तेव्हा रागच आला. सगळं तर लिहिलं होतं! पद्धत कुठली, किती माणसं, किती महिने. आणखी काय हवं?

उत्तर मिळालं ते जरा आडवळणाने. मधल्या काळात मी रिचर्ड सेनेट या समाजशास्त्रज्ञाचं ‘द क्राफ्ट्समन’ (२००८) वाचत होते आणि त्याच दिवसांत घरी एक चामड्याची हँडबॅग शिवत होते. दोन्ही गोष्टी एकमेकींवर आपटल्या. आजची पोस्ट म्हणजे त्या पुस्तकाची समीक्षा आहे, पण ती बॅगेच्या बाजूने केलेली. पुस्तक वाचावं का? हो, नक्की वाचावं. पण त्यात एक मोठी फट आहे, आणि भारतात संशोधन करणाऱ्याला ती दिसायलाच हवी असं माझं मत झालंय.

पुस्तक थोडक्यात

सेनेट मूळचा चेलोवादक. हाताच्या दुखण्यामुळे संगीत सुटलं आणि तो समाजशास्त्राकडे आला. ‘द क्राफ्ट्समन’ हा त्याच्या तीन पुस्तकांच्या मालिकेतला पहिला भाग. पुस्तकाची सुरुवात त्याच्या शिक्षिकेशी, हाना आरेंटशी, असलेल्या मतभेदापासून होते. ढोबळमानाने सांगायचं तर आरेंटच्या मांडणीत हाताने राबणारा माणूस ‘कसं करायचं?’ एवढंच विचारतो, आणि ‘का करायचं?’ हा प्रश्न वेगळ्या पातळीवरचा. सेनेटला हे पटत नाही. त्याचं म्हणणं असं की करता करता माणूस विचार करतो. हात आणि डोकं या दोन वेगळ्या खोल्या नाहीत. कुठलंही काम त्या कामासाठीच नीट करण्याची ओढ म्हणजे कारागिरी, मग ते सुतारकाम असो, डॉक्टरकी असो की लिनक्सचा कोड लिहिणं असो.

पुस्तकात उदाहरणांची रेलचेल आहे. स्ट्राडिव्हारीची व्हायोलिनची कार्यशाळा, दिदरोचा विश्वकोश, काच फुंकणारे, आचारी, वास्तुरचनाकार. कधीकधी वाटतं, अरे थांब जरा, एका गोष्टीवर टिक. शेवटाकडे पुस्तक थोडं पसरतं. पण मधलं एक प्रकरण संशोधन करणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं आहे.

एक कोंबडी, चार पाककृती

हे प्रकरण सूचना लिहिण्याबद्दल आहे. हाताने करायची गोष्ट शब्दांत कशी सांगायची? सेनेट उदाहरण घेतो एका फ्रेंच पदार्थाचं. त्यात अख्खी कोंबडी आकार न मोडता आतून सोलून हाडं काढायची असतात. ही एक कृती चार जण कशी सांगतात ते तो शेजारी-शेजारी ठेवून दाखवतो.

पहिला रिचर्ड ओल्नी. स्वतः निष्णात. त्याच्या सूचना अचूक आहेत: हे काप, ते सोडव, इथून खाली जा. पण ज्याला आधीच येतं त्यालाच त्या कळतात. नवशिक्याला क्रियापदं मिळतात, कृती मिळत नाही. दुसरी ज्युलिया चाइल्ड. ती वाचकाच्या शेजारी उभी राहते. इथे तुम्ही घाबराल, इथे हात अडखळेल, तरी पुढे जा, असा तिचा सूर. तिसरी एलिझाबेथ डेव्हिड. ती गोष्ट सांगून वाचकाला त्या मुलखात नेते, म्हणजे पदार्थ कुठल्या जगातला आहे ते आधी समजावं. चौथ्या मादाम बेन्शॉ, सेनेटला स्वयंपाक शिकवणाऱ्या इराणी बाई. त्यांचं इंग्रजी तोडकंमोडकं. त्यांनी लिहून दिलेली पाककृती म्हणजे एकामागून एक रूपकं आहेत, आणि प्रत्येक रूपक हाताने किती जोर लावायचा, कुठे हळुवार व्हायचं हे सुचवतं.

सेनेटचा मुद्दा असा: ज्याला एखादी गोष्ट येते, त्याला ती न येणं कसं होतं हे आठवत नाही. सवय लागली की पायऱ्या अदृश्य होतात. चांगल्या सूचना लिहायच्या तर सवय लागायच्या आधीच्या क्षणापर्यंत परत जावं लागतं.

हे वाचलं आणि मॅडमची पेन्सिलीची ओळ पहिल्यांदा कळली. माझं मेथडॉलॉजीचं प्रकरण ओल्नीच्या कोंबडीसारखं होतं.

आता बॅग

बॅग करायचं डोक्यात आलं ते एका फॅशनच्या बातमीमुळे. एर्मेस या फ्रेंच कंपनीची ‘बर्किन’ ही बॅग १९८४ साली आली, अभिनेत्री जेन बर्किनच्या नावावरून. तिच्यासाठी केलेली पहिली बॅग जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या लिलावात सुमारे ८६ लाख युरोंना गेली. त्या पैशात अर्थातच नावाचा आणि दंतकथेचा वाटा मोठा आहे. पण मला कुतूहल होतं ते शिवणीचं. ही कंपनी १८३७ साली घोड्यांचा साज करणारी म्हणून सुरू झाली आणि तिच्या बॅगांवर आजही खोगीर शिवतात तो टाका असतो, सॅडल स्टिच. हाताने घातलेला.

मी ठरवलं, त्या धर्तीची एक साधी बॅग करून बघू. झाकण असलेली, बाजूला पट्टी, वर एक मूठ. शिक्का-बिक्का काही नाही, नुसता घाट तसा.

सॅडल स्टिच समजायला सोपा आहे. एकच दोरा, मेण लावलेला, आणि त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सुई. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात आणि दोन्ही बाजूंनी ओढायच्या. शिलाई मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे मध्ये एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे एक तुटला की शिवण उसवत जाऊ शकते. सॅडल स्टिचमध्ये एका बाजूचा दोरा झिजून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा त्याच भोकांतून गेलेला असतो, तो धरून ठेवतो. खोगिराला हे हवंच, कारण तिथे शिवण उसवली तर माणूस पडतो.

बघा, मी आत्ता पाच-सहा वाक्यांत टाका सांगितला. सगळी वाक्यं बरोबर आहेत. आणि यावरून तुम्हाला शिवता येणार नाही.

पहिली चूक टाक्याच्याही आधी झाली. चामडं चौरस फुटावर मिळतं. धारावीतल्या एका दुकानातून मी छान मऊ, गडद तपकिरी तुकडा आणला. सूचनांमध्ये लिहिलं होतं: कापलेली कड घासून, पाणी लावून, लाकडाने चोळली की चकचकीत होते. मी चोळत बसले, तास गेला. कड चकचकीत व्हायच्या ऐवजी तिच्यातून बारीक तूस निघायला लागलं. नंतर समजलं की असं चोळून घट्ट होतं ते झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं. माझं होतं क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं. त्याच्या कडेला रंगाचा थर द्यावा लागतो किंवा कड आत दुमडावी लागते. सूचना लिहिणाऱ्याने चामडं कुठलं ते लिहिलंच नव्हतं, कारण त्याच्या टेबलावर नेहमी एकच प्रकार असणार.

दुसऱ्यांदा सालीत कमावलेलं आणलं, साधारण २ मिलिमीटर जाडीचं. त्यातही पाठीकडचा भाग घट्ट असतो आणि पोटाकडचा ताणला जातो. मूठ पोटाकडच्या भागातून कापली असती तर महिन्याभरात लोंबायला लागली असती. हे मात्र एके ठिकाणी वाचायला मिळालं म्हणून वाचले. बाजूच्या पट्टीच्या कडा रापीने निम्म्या पातळ केल्या, कारण दोन जाड थर एकावर एक आले की शिवण जाडजूड, बेढब दिसते. दोन तुकडे त्यात वाया गेले. रापी किती कलती धरायची याचा अंश कुणी लिहिला तरी उपयोग नाही, धार किती आहे त्यावर ते बदलतं.

मग शिवण. ७५ सेंटिमीटरची एक बाजू, दर ४ मिलिमीटरवर एक भोक, म्हणजे साधारण १९० टाके. दोन बाजूंचे मिळून पावणेचारशेच्या आसपास. दोरा शिवणीच्या चौपट लांब घ्यायचा, म्हणजे एका बाजूला तीन मीटर. चार संध्याकाळी गेल्या. बॅग पूर्ण झाली तेव्हा मी खूश होते. लांबून ती छानच दिसत होती. जवळून पाहिलं की टाके काही ठिकाणी एकसारखे तिरके, काही ठिकाणी सरळ, आणि मग परत तिरके. का, ते मला कळेना. मी तर सगळीकडे सारखंच केलं होतं!

“इथं उठला होता का?”

आमच्या वस्तीच्या कोपऱ्यावर चपला दुरुस्त करणारे एक काका बसतात. वर्षानुवर्षं माझ्या सॅंडलचे पट्टे तेच लावून देतात. मी बॅग त्यांच्याकडे नेली. ते स्वतः दोन सुयांनी शिवत नाहीत. त्यांच्या आरीच्या टोकाला खाच असते, तिने ते दोरा ओढून घेतात. म्हणजे तंत्र वेगळं. त्यांनी बॅग उलटसुलट केली, अंगठा शिवणीवरून हळूच फिरवला आणि तीन ठिकाणी थांबवला.

“ताई, इथं उठला होता का तुम्ही?”

मी आठवलं. हो. एकदा फोन आला होता, एकदा कुकरची शिट्टी, एकदा रात्र झाली म्हणून ठेवून दिलं. परत बसताना मी दुसऱ्या बाजूची सुई आधी घातली होती. कुठली सुई आधी जाते आणि दुसरी सुई जाताना आधीचा दोरा वर राहतो की खाली, यावर टाक्याचा कल ठरतो. क्रम बदलला की कल बदलतो. सूचनांमध्ये ‘क्रम सारखा ठेवा’ असं लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलंही होतं. पण मी क्रम बदलतेय हेच मला माहीत नव्हतं!

आता सेनेटकडे परत येऊ. माझी पहिली तक्रार इथे आहे. चार पाककृतींच्या प्रकरणात तो भाषेवर फार भरवसा टाकतो. ओल्नीची भाषा कोरडी, चाइल्डची मायाळू, बेन्शॉंची कल्पक. जणू भाषा सुधारली की ज्ञान पोचेल. माझ्या शिवणीचा घोळ कितीही मायाळू भाषेने सुटला नसता. तो सुटला एका प्रश्नाने, आणि तो प्रश्न माझी वस्तू हातात घेतल्यावरच सुचू शकत होता. लिहिलेली सूचना सगळ्यांशी एकदम बोलते. अनुभवी माणूस तुमच्या चुकीशी बोलतो.

मी सेनेटवर अन्याय करत नाहीये ना, असं वाटून कार्यशाळेवरचं प्रकरण पुन्हा वाचलं. तिथे तो हे ओळखतो. स्ट्राडिव्हारी गेल्यावर त्याच्या कार्यशाळेतलं कसब टिकलं नाही, कारण ते न बोलता रोज दिलं-घेतलं जायचं आणि तो एकटाच सगळीकडे नजर ठेवून असायचा, असं तो सांगतो. पण सूचनांच्या प्रकरणात येईपर्यंत हा धागा सुटतो. तिथे गुरू फक्त लेखक म्हणून उरतो.

विज्ञानातही हे असंच आहे. हॅरी कॉलिन्स या समाजशास्त्रज्ञाने १९७४ साली एका प्रकारच्या लेसरवर, टीईए लेसरवर, निबंध लिहिला. ब्रिटनमधल्या प्रयोगशाळांनी तो लेसर कसा उभा केला हे त्याने तपासलं. नुसत्या छापील माहितीवर चालता लेसर कुणालाच करता आला नव्हता. ज्यांना जमला त्यांचा आधीच लेसर चालवणाऱ्या माणसांशी प्रत्यक्ष संबंध होता. आणि ही सगळी उच्चशिक्षित मंडळी होती, निबंध नीट वाचू शकणारी.

मला यावर डेव्हिड पायची मांडणी जास्त उपयोगी वाटते. पाय लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये फर्निचर डिझाइनचा प्राध्यापक होता. ‘द नेचर अँड आर्ट ऑफ वर्कमनशिप’ (१९६८) या छोट्या पुस्तकात तो कामाचे दोन प्रकार करतो. एकात निकाल आधीच पक्का असतो, जसं छपाईयंत्र सुरू झाल्यावर पानं सारखीच निघतात. दुसऱ्यात काम संपेपर्यंत प्रत्येक क्षणी बिघडण्याचा धोका असतो, जसं हाताने लिहिताना. पाय हाताला देवपण देत नाही. धोका कमी करायला कारागीर स्वतःच साचे, पट्ट्या, खुणा वापरतो हेही तो सांगतो. माझी भोकं दातेरी अवजाराने सारख्या अंतरावर पाडलेली होती, म्हणून अंतर कुठेच चुकलं नाही. तिथे निकाल पक्का होता. क्रम माझ्यावर सोडलेला होता आणि तिथेच घोळ झाला. तुमच्या संशोधनात कुठला भाग साच्यावर सोडलाय आणि कुठला तुमच्या लक्षावर, हा प्रश्न पायमुळे विचारता येतो.

आडनाव

काकांशी बोलणं तिथे संपलं नाही. शिवण बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, “आडनाव काय तुमचं?”

मी सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “घरी चालतं का हे?”

मी म्हटलं, “चालतं की.” पण ते अर्धवट खरं होतं. आजीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ते चामडं गॅलरीत ठेव, स्वयंपाकघराच्या बाजूला नको. मी वास येतो म्हणून असेल असं धरलं आणि गॅलरीत पाट मांडला. माझी चार संध्याकाळची शिवण गॅलरीतच झाली. काकांनी विचारेपर्यंत मी त्याचा दुसरा अर्थ लावला नव्हता.

सेनेटच्या पुस्तकातली मोठी फट ही. त्याच्या कारागिराला जात नाही. वर्ग आहे, गरिबी आहे, यंत्राने हिरावलेलं काम आहे, अपमानही आहे. पण एखादं काम केल्यामुळेच पिढ्यानपिढ्या एका समाजाला गावाबाहेर ठेवलं गेलं, ही शक्यता त्याच्या मांडणीच्या मध्यभागी कुठेच नाही. पुस्तकाच्या शेवटी तो ग्रीक देव हिफेस्टसकडे येतो. पायाने अधू, देवांमध्ये थट्टेचा विषय, पण उत्तम लोहार. स्वतःबद्दल नसला तरी आपल्या कामाबद्दल अभिमान बाळगणारा, आणि म्हणून माणसाने ज्याच्यासारखं व्हावं असा, असं सेनेट सुचवतो.

कल्पना सुंदर आहे. पण ती उभी आहे एका गृहीतकावर: माणसाचं स्वत्व कमी लेखलं गेलं तरी काम त्याला वर उचलतं. चर्मकार समाजाच्या बाबतीत कामच तर खाली ढकलायला वापरलं गेलं. अशा माणसाला ‘कामाचा अभिमान बाळग’ हे सांगणं फार सोपं होतं, विशेषतः माझ्यासारखीने, जिला हे काम कधीही बंद करून लॅपटॉपकडे वळता येतं.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. आपल्याकडचं लेखन सेनेटच्या शेजारी ठेवलं की फट आपोआप दिसते. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या ‘गावगाडा’मध्ये (१९१५) बलुतेदारांची कामं आणि हक्क यांची नोंद आहे, त्यात चांभार आहे. तिथे काम आणि जन्म एकमेकांना बांधलेले आहेत. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये मांडलं की जात ही नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि ती एकाखाली एक अशी रचलेली आहे. सेनेटच्या कार्यशाळेत शिकाऊ मुलगा पुढे उस्ताद होऊ शकतो. इथे कामाची पायरी चढता येते, जातीची नाही.

कांचा इलय्यांचं मुलांसाठीचं पुस्तक, ‘टर्निंग द पॉट, टिलिंग द लँड’ (२००७), चर्मकामाला थेट विज्ञान म्हणतं. मला आधी ते जरा प्रचारकी वाटलं होतं. गॅलरीत बसून कडा चोळल्यावर तसं वाटत नाही. कोल्हापुरी चपलेच्या चामड्याची पारंपरिक पद्धत बघा: कातडं पिशवीसारखं शिवायचं, टांगायचं, आणि त्यात बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी भरायचं. ते झिरपत झिरपत कातडं कमावलं जातं. कुजणारी वस्तू वर्षानुवर्षं टिकणारी होते. यात निरीक्षण आहे, प्रमाण आहे, किती दिवस थांबायचं याचा अंदाज आहे. हीच गोष्ट पांढऱ्या कोटातल्या माणसाने केली असती तर आपण तिला काय म्हटलं असतं?

आणि जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हा आपण सगळे चिडलो. २०१९ पासून भौगोलिक मानांकन असलेली वस्तू, आणि सुरुवातीला नावही नाही! राग योग्यच होता. नंतर कंपनीने प्रेरणा कुठली ते मान्य केलं. पण त्या दिवसांत ‘आपली’ कोल्हापुरी म्हणणाऱ्या किती घरांत चामडं गॅलरीत ठेवलं जातं, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नव्हता.

मग संशोधन करणाऱ्याने यातून घ्यायचं काय?

गोपाळ गुरूंचा २००२ सालचा एक निबंध तुम्ही कोर्सवर्कमध्ये वाचाल किंवा वाचला असेल. भारतातल्या समाजशास्त्रांमध्ये सिद्धान्त मांडणारे एका बाजूला आणि माहिती पुरवणारे दुसऱ्या बाजूला अशी जातीसारखीच विभागणी आहे, असा त्यांचा आक्षेप आहे. मी तो निबंध नेटसाठी पाठ केला होता. माझ्या मसुद्यात मात्र काकांसारख्या माणसांचा उल्लेख ‘प्रतिसादक क्रमांक ७’ असा होता. त्यांनी सांगितलेली माहिती माझ्या तक्त्यात होती. त्यांनी विचारलेले प्रश्न कुठेच नव्हते. नाव गुप्त ठेवणं बरोबरच आहे, पण प्रश्न गुप्त ठेवायची काय गरज होती?

मी माझं प्रकरण पुन्हा लिहिलं. काय बदललं ते सांगते, तुम्हालाही उपयोगी पडेल.

एक, कुठे उठले ते लिहिलं. फील्डवर्क मध्ये तुटलं, परत गेल्यावर मी वेगळ्या क्रमाने प्रश्न विचारायला लागले, हे आधी लपवलं होतं. आता तारखांसकट आहे. शिवणीत ते दिसणारच असतं, परीक्षकाने अंगठा फिरवायच्या आधी आपणच दाखवलेलं बरं.

दोन, वस्तू कुठल्या जातकुळीची ते लिहिलं. म्हणजे माझ्या मुलाखती कुठे, कुणासमोर, कुठल्या भाषेत झाल्या. क्रोमचं चामडं आहे की सालीचं हे न सांगता ‘कड चोळली’ असं लिहिण्यात अर्थ नाही.

तीन, फसलेलं ठेवलं. पहिले तीन इंटरव्ह्यू वाया गेले होते. का वाया गेले हा परिच्छेद आता त्या प्रकरणातला सगळ्यात लांब परिच्छेद आहे, आणि मॅडमनी फक्त त्याच्याच बाजूला बरोबरची खूण केली.

चार, मला कुणी काय विचारलं ते लिहिलं. त्यात “आडनाव काय?” हाही प्रश्न आहे. त्या उत्तरानंतर पुढची मुलाखत कशी बदलली, हेही आता माझ्या डेटाचा भाग आहे.

तर, वाचावं का?

वाचा. घाई असेल तर कार्यशाळेवरचं आणि सूचनांवरचं अशी दोन प्रकरणं आधी वाचा. हात आणि डोकं वेगळं नाही हे सेनेट जितक्या प्रेमाने पटवतो तितकं फार कमी जणांनी पटवलंय, आणि पीएचडीच्या कोरड्या दिवसांत ते वाचून खरंच उभारी येते. सोबत पायचं छोटं पुस्तक ठेवा. आणि गोपाळ गुरूंचा निबंध ठेवा, म्हणजे सेनेट कुणाबद्दल बोलतोय आणि कुणाबद्दल बोलत नाहीये हे वाचता वाचता लक्षात येईल.

बॅग मी वापरते. शिवण उसवून परत घालणार होते, पण काका नको म्हणाले. भोकं मोठी होतील, चामडं कमजोर होईल, राहू दे. घरी मात्र एक छोटा बदल झालाय. दुसरी बॅग आईसाठी करतेय आणि या वेळी पाट हॉलमध्ये मांडलाय. आजी पहिल्या दिवशी काही बोलली नाही. काल येऊन शेजारी बसली आणि विचारलं, “हा दोरा मेणात का बुडवतेस गं?”

पुढच्या पोस्टमध्ये फील्ड नोट्स रोजच्या रोज कशा लिहायच्या ते बघू.